अप्पांचा संशय आणि मंडळाची विहीर

आमच्या घरात बोलायला लागलेलं पोर आधी आईला ‘अव्वा’ म्हणायचं, मग वडिलांना ‘अप्पा’ आणि त्यानंतर ‘याक’. याक म्हणजे का. घरात कानडी आणि दुकानात मराठी अशी आमची बोली वाटून दिलेली होती, पण हा एक शब्द अप्पा दोन्हीकडे वापरायचे. एरवी मान वळवून जाणारा शेजारी आज रामराम घालून गेला, याक? गिऱ्हाइकाने तेलाचा भाव न विचारता बाटली पुढे केली, याक? माझी थोरली बहीण शांताक्का हिच्या लग्नात अक्कलकोटच्या व्याह्यांनी मानपानाचा हट्ट धरला नाही, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि अप्पा मात्र मांडवाच्या खांबाला टेकून विचार करत बसले. “सुम्न यारू कोडंगिल्ल,” ते म्हणायचे. उगीच कुणी काही देत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आजही कुणी समारंभात माझ्या हातात नारळ आणि शाल ठेवली तर माझी नजर आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे जाते.

सोलापुरात आमची गल्ली गिरण्यांपासून फार लांब नव्हती. पहाटेचा भोंगा झाला की समोरच्या विणकरांच्या घरांतून मागांचा खडखडाट सुरू व्हायचा आणि त्याला उत्तर दिल्यासारखी आमच्या घाण्याची करकर. पुढे दुकान, मधल्या छपरात घाणा आणि मागे आम्ही राहायचो. बसवा नावाचा पांढरा बैल डोळ्यांना झापड बांधून गोल फिरत राही. अप्पा मधूनच मूठभर करडई उखळात सारत आणि खालच्या भांड्यात तेलाची बारीक धार लागे. त्या ताज्या तेलाचा वास कपड्यांत, पाठ्यपुस्तकांत, वेण्यांत, सगळीकडे असायचा. शाळेत मला ‘घाणा आला’ असं म्हणत, पण डबा उघडला की त्याच मुली सरकून जवळ येत. अव्वा कडक भाकरीवर शेंगाची चटणी ठेवून तिच्यात मधे बोटाने खळगा करायची आणि तो खळगा तेलाने भरायची. तशी चटणी मी पुढे अनेक शहरांत शोधली. चटणी मिळते, तेल मिळत नाही.

मी नववी-दहावीत असताना लागोपाठ पाऊस चुकला. पहिल्या वर्षी लोक आभाळाकडे बघत होते, दुसऱ्या वर्षी त्यांनी तेही सोडलं. होटगीच्या बाजूने, वैरागच्या बाजूने बिऱ्हाडं शहरात येऊ लागली. नळाला पाणी कधी येईल याचा नेम राहिला नाही. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळे. तिची भाकरी थापता थापता चिरायची आणि अव्वा तिच्या फटी ओल्या बोटाने बुजवत बसायची. करडई येईना म्हणून घाणा अर्धा दिवस बंद राहू लागला. करकर थांबली की घर एकदम मोठं आणि ओकंबोकं वाटायचं.

मंडळ आमच्या गल्लीत आलं ते याच्या जरासं आधी. त्याचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर दोन ओळी करूनही मावेना, म्हणून सगळे नुसतं मंडळच म्हणत. ते काढलं नरसय्याने. हा समोरच्या विणकर वस्तीतला, तेलुगू बोलणारा, तिशी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस. गल्लीच्या टोकाला सूत रंगवायचा कारखाना होता, तिथे तो रंगाच्या हौदावर कामाला होता. त्याची नखं कधी निळी असत, कधी लाल. त्यावरून आज कारखान्यात कुठला रंग चालू आहे ते आम्हा पोरांना कळायचं. त्याने गल्लीतल्या बेकार पोरांना गोळा केलं. कारखान्याच्या मालकांनी आपल्या मोकळ्या पटांगणातली एक खोली मंडळाला दिली. तिथे कंदिलाच्या जागी विजेचा दिवा आला, ज्यांच्या घरी दिवा नाही अशा पोरांनी संध्याकाळी येऊन अभ्यास करावा म्हणून. मग पटांगणात दोन खांब पुरले आणि मुलींचा खो-खो सुरू झाला. रविवारी सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर येऊन आम्हाला प्रथमोपचार शिकवू लागल्या. मोडलेल्या हाताला झोळी कशी बांधायची, उन्हाने चक्कर आलेल्याला कसं निजवायचं, ते मी तिथे शिकले. दुष्काळ वाढला तसं मंडळाची पोरं बाहेरून आलेल्या बिऱ्हाडांना सुकडी, म्हणजे दुष्काळात सरकारकडून मिळणारं भरड पिठाचं खाणं, वाटायला जाऊ लागली. माझा मोठा भाऊ सिद्राम त्यांत होता. मॅट्रिकला दोनदा बसून घरी राहिलेला सिद्राम पहिल्यांदाच सकाळी कुणी न हाका मारता उठत होता.

या सगळ्यावर अप्पांचं म्हणणं एकच, याक?

नरसय्याला बायको नाही, पोर नाही. दिवसभर रंगाच्या हौदात उभं राहून आलेला माणूस संध्याकाळी घरी पाठ टेकायची सोडून दुसऱ्यांच्या पोरींना खो-खो का शिकवतो? हा प्रश्न एकटे अप्पाच विचारत होते असं नाही. विहिरीवर बायका विचारत, पानाच्या ठेल्यावर पुरुष विचारत. कुणी म्हणे निवडणुकीला उभा राहणार, कुणी म्हणे सुकडीतली अर्धी विकतो, कुणी त्याहून वाईट बोले आणि आम्ही मुली जवळ आलो की गप्प होई. अप्पा मात्र सर्वांदेखत बोलत. नरसय्या तेल घ्यायला आला की त्याच्याच तोंडावर विचारत, “तुला यातनं काय मिळतंय?” नरसय्या हसून म्हणे, “काय न्हाई की, शेट. बरं वाटतंय.” तो गेल्यावर अप्पा म्हणत, “बरं वाटतंय म्हणं. बरं वाटायला माणूस डोकं दाबून घेतो. मंडळ काढत न्हाई.”

मला खो-खोला जाऊ दिलं ते एका अटीवर: रोज काय झालं, कोण काय बोललं, ते घरी येऊन सांगायचं. मी सांगायची. सांगण्यासारखं काही घडत नसे, आणि त्यामुळे अप्पांचा संशय आणखी वाढे.

अप्पांना नरसय्याहून जास्त खटकत होते ते त्याचे मालक. गुरुलिंगअण्णा आमच्याच समाजातले, मोठे, मठात पुढच्या रांगेत बसणारे. शांताक्काचं लग्न त्यांनीच जमवलेलं. ती त्यांच्या अक्कलकोटच्या सख्ख्या पुतण्याला दिलेली. म्हणजे आमचं एक माणूस त्यांच्या घरात होतं. अप्पा त्यांच्याबद्दल चारचौघांत एक शब्द काढत नसत. घरात मात्र जेवताना थांबून म्हणत, “या माणसानं आजवर देवाला नारळ दिला तर अर्धी वाटी परत मागून घेतली. त्यानं खोली दिली. दिवा दिला. याक?” अव्वा ताटात भाकरी टाकून त्यांना गप्प करायची. लेक दिलेल्या घराबद्दल जेवताना बोलू नये, असं तिचं मत होतं.

पटांगणाच्या गल्लीकडच्या कोपऱ्यात एक जुनी विहीर होती. पटांगण अण्णांचं, पण विहीर कुणाची ते कुणालाच माहीत नव्हतं. पिढ्यानपिढ्या सगळी गल्ली तिचं पाणी भरत आलेली. तिच्या काठावर दगडी डोणी होती, तिच्यात बसवा रोज संध्याकाळी पाणी प्यायचा. त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला. पोहरा टाकला की चिखल, चिंध्या आणि फुटक्या घागरींचे काठ वर येत. नळ नाही, विहीर नाही. बायका गिरणीच्या पलीकडून पाणी आणू लागल्या.

तेव्हा नरसय्याने मंडळात सांगितलं की आपण विहिरीचा गाळ काढू. अण्णांनी दोर, पाट्या, टिकाव, जाडजूड रहाट, सगळं कारखान्यातून पाठवलं. गल्लीतली झाडून सगळी पोरं उतरली. सिद्राम खाली उतरे तो डोक्यापासून पायापर्यंत काळा होऊन वर येई. आम्ही मुली वर उभ्या राहून पाट्या ओढायचो आणि दोराने हात सोलले की एकमेकींना पट्ट्या बांधायचो. सिस्टरांचं शिकवणं पहिल्यांदा कामाला आलं. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, सगळ्या भाषांतल्या शिव्या त्या विहिरीच्या पोटातून घुमून वर येत. एका दुपारी खालून सिद्रामची हाक आली, आवाज वेगळाच. दगडाच्या फटीतून पाणी येत होतं. गढूळ, बोटभर, पण येत होतं. वर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायकांनी तिथल्या तिथे हात जोडले. अप्पासुद्धा दुकान सोडून आले होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग कारखान्याच्या चिमणीकडे पाहिलं आणि परत गेले.

पाणी लागल्यावर काही दिवसांतच भिंतीचं निघालं. अण्णांनी दगड टाकले आणि सांगितलं की पटांगणाला भिंत घाला, मुली खेळतात, बाहेरचे टवाळ येऊन उभे राहतात, गुरं घुसतात. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मुलींच्या आयांना तर बरंच वाटलं. पोरांनी श्रमदानाने भिंत उचलली. ती विहिरीच्या पलीकडून वळली आणि विहीर आत गेली. गल्लीच्या बाजूला गाडी जाईल एवढी फट तेवढी राहिली होती. तिथे फाटक बसणार आणि किल्ली मंडळाकडे राहणार, असं ठरलं होतं.

सिद्रामने हे जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितलं. अप्पांनी घास खाली ठेवला.

“कुलपाला किल्ल्या दोन असतात. दुसरी कुणाकडं?”

सिद्रामला राग आला. तो म्हणाला की तुम्हाला दुनियेत एकही माणूस चांगला दिसत नाही, हाताला फोड येईपर्यंत आम्ही काम केलं त्याचं एका शब्दाने कौतुक केलं नाहीत. तो ताटावरून उठून गेला. अप्पांनी त्याचं ताट झाकून ठेवायला सांगितलं. पण दुसऱ्या दिवसापासून मंडळात काय होतं हे ते मला विचारीनासे झाले आणि मीच न विचारता सांगू लागले. कारण आता सांगण्यासारखं होतं. खो-खो संपवून परतताना कारखान्याच्या दारात मी लोखंडी नळ उतरवताना पाहिले होते, लांबच लांब, आणि ताडपत्रीखाली झाकलेली मोटार. सूत रंगवायला पाणी किती लागतं हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक होतं. कारखाना पाण्यावाचून कित्येक दिवस बंद होता. नरसय्याची नखं पांढरी दिसू लागली होती. आणि त्याच नरसय्याला मी भर दुपारी अण्णांच्या घराच्या मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिलं.

मी हे अप्पांना सांगितलं, सिद्रामला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. नरसय्या मालकांना सामील आहे, याबद्दल सांगताना मला शंका नव्हती. मंडळात त्या आठवड्यात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. पोरं नरसय्या पाठमोरा झाला की त्याच्याकडे बघत आणि वळला की नजर काढून घेत. त्याच्याही ते लक्षात आलं असणार. तरी तो सुकडीची पोती नेहमीसारखी उचलत राहिला.

मग एके दिवशी सकाळीच तो आमच्या दुकानात आला. मी आतल्या दारात करडई पाखडत होते. त्याने तेलाची बाटली पुढे केली आणि एरवी मोजकं बोलणारा हा माणूस अप्पांसमोर भिंतीचं कौतुक करू लागला. “लई झ्याक भिंत झालीया, शेट. आता गुरं येणार न्हाईत, बाहेरची माणसं येणार न्हाईत.”

“बाहेरची म्हंजे कोण?”

“म्हंजे आतली न्हाईत ती.” तो हसला. “उद्या सकाळी फाटक बसवायचं हाय. अण्णा सवता नारळ फोडणार. मालकांचं मन लई मोठं बगा. तुमी या की.”

अप्पांनी बाटली भरून दिली. तो गेल्यावर त्यांनी मापटं पुसून जागेवर ठेवलं. मग म्हणाले, “गुळापेक्षा मुंग्याच जास्त गोड बोलायला लागल्या.”

दुसऱ्या दिवशी घाणा वाजला नाही. भोंगा झाला, समोरचे माग सुरू झाले आणि आमच्याकडे शांत. मी छपरात आले तर अप्पा बसवाच्या डोळ्यांवरची झापड सोडत होते. त्यांनी मला पोहरा आणि दोर घ्यायला सांगितला. आम्ही तिघं पटांगणाकडे निघालो, पुढे अप्पा, मधे बैल, मागे मी. फटीतून आत गेलो. गवंडी फाटक भिंतीला टेकवून बिजागऱ्या जुळवत होता. अप्पांनी बसवाला डोणीपाशी नेलं, त्याचा दोर खो-खोच्या खांबाला बांधला, मला पाणी ओढायला सांगितलं आणि स्वतः खांबाच्या बुडाशी मांडी घालून बसले.

अण्णा आले तेव्हा ऊन चढत होतं. पांढरं धोतर, कपाळावर भस्म, मागे नारळाची पिशवी घेतलेला माणूस. भोवती मंडळाची पोरं जमली होती, सिद्रामही. नरसय्या भिंतीपाशी उभा होता. अण्णांनी आधी बैलाकडे पाहिलं आणि प्रेमाने म्हणाले, “विरपाक्षा, बैल बाहेर काढ. मुहूर्त हाय.”

“पानी पितोय की अजून,” अप्पा म्हणाले. “त्याचं झालं की काडतो.”

बसवा पाणी पीत नव्हता. त्याचं पोट केव्हाच भरलं होतं. तो डोणीत तोंड घालून नुसता उभा होता, कारण घाण्याला न जुंपता मोकळं उभं राहायची त्याला सवय नव्हती. अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले की विहीर काही पळून जात नाही, फाटक मंडळासाठीच आहे. अप्पांनी विचारलं, मोटार कुणासाठी आहे? कारखान्यात ताडपत्रीखाली ठेवलीय ती. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मी ज्यांना सांगितलं होतं त्यांनाही ते अप्पांच्या तोंडून ऐकल्यावरच खरं वाटलं.

अण्णांचा आवाज चढला नाही. तो आणखी खाली गेला. “तुला पानी बैलासाठी पायजे, ते म्हन की सरळ. दुसऱ्याला कशाला नाव ठेवतो? आन् एक इसरू नको. तुजी लेक आमच्या घरात हाय.”

अप्पांनी गुडघ्यावर हात टेकला. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी दोराच्या गाठीकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठतील. आजही मला वाटतं की ते उठणारच होते.

तेवढ्यात फटीतून अव्वा आत आली. माझी अव्वा पुरुषांच्या घोळक्यासमोरून कधी जात नसे. दुकानात गिऱ्हाईक असलं तर ती मागच्या दाराने जायची. तिने डोक्यावरून पदर घट्ट ओढला होता आणि कडेवर घागर होती. अण्णांचं ते बोलणं तिने ऐकलं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती कुणाकडे न बघता विहिरीपाशी गेली, माझ्या हातातला पोहरा घेतला, घागर भरली आणि फटीतून बाहेर गेली. लगेच रिकामी घागर घेऊन परत आली. मग समोरच्या वस्तीतली एक म्हातारी आली, मग तिच्या सुना, मग आमच्या खो-खोतल्या मुलींच्या आया. कुणी घोषणा दिली नाही, कुणी भांडलं नाही. येणारी बाहेर पडणारीला अंग चोरून वाट द्यायची आणि ती फट काही मोकळी होईना. गवंडी फाटकाला हात लावून उभा होता, मग तो सावलीला गेला.

अण्णांनी नरसय्याला हाक मारली आणि बैल सोडायला सांगितलं. सगळी माणसं त्याच्याकडे वळली. नरसय्या खांबापाशी आला. अप्पांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, ती नजर मी कधी विसरणार नाही. ‘मी तर तुला ओळखूनच होतो’, अशी ती नजर होती. नरसय्याने वाकून दोराची गाठ सोडली. मग दोर सैल सोडून, लांब करून, पुन्हा बांधला. बैलाला भिंतीच्या सावलीपर्यंत जाता यावं इतका लांब.

“उनात हाय, मालक, त्यो,” तो म्हणाला. “त्याला हलवायची माजी टाप न्हाय.”

नारळ फुटला नाही. अण्णा गेले आणि त्यांच्यामागे पिशवीवाला. फाटक कितीतरी दिवस तिथे भिंतीला टेकून गंजत राहिलं. नंतर मठात समाजाची मोठी माणसं बसली, अप्पांना बोलावणं आलं, बरंच बोलणं झालं. शेवटी भिंतीचा तो कोपरा पोरांनीच उतरवला आणि विहीर पुन्हा गल्लीकडे आली.

पण त्याची किंमत आम्ही दिली नाही असं नाही. नरसय्याचं काम गेलं. मंडळाची खोली गेली, दिवा गेला. आणि त्या नागपंचमीला शांताक्काला माहेरी पाठवलं नाही, दिवाळीलाही नाही. अव्वाने तिच्यासाठी बांगड्या घेऊन ठेवल्या होत्या. त्या ती मधूनच काढून पुसायची आणि परत ठेवायची. अप्पांशी ती त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. आपणही घागर घेऊन गेलो होतो, हे तिला माहीत होतं. पुढच्या उन्हाळ्यात शांताक्का स्वतःच, सासरीच झालेलं बाळ काखेत घेऊन, दारात येऊन उभी राहिली. सासूने म्हणे शेवटी सांगितलं की पाण्यासाठी बाई भांडली तर त्यात एवढं काय. तेव्हा अव्वा पहिल्यांदा रडली.

मंडळाला जागा उरली नाही तेव्हा अप्पा एक दिवस म्हणाले की संध्याकाळी घाण्याचं छप्पर रिकामंच असतं. सिद्रामला कानांवर विश्वास बसेना. मंडळ आमच्या छपरात आलं. अप्पांनी तेलाच्या डब्यांना कुलपं घातली आणि रोज संध्याकाळी पोरं अभ्यास करत असताना, मुली पट्ट्या बांधायला शिकत असताना, ते दारात बाज टाकून सगळ्यांवर नजर ठेवून बसू लागले. नरसय्यावर तर जास्तच. गंमत अशी झाली की ज्या आयाबापांनी आपल्या मुली आधी मंडळात कधी पाठवल्या नव्हत्या, तेही आता पाठवू लागले. विरपाक्ष तेली दारात बसलाय म्हटल्यावर तिथे वाकडं काही होणार नाही, याची सगळ्यांना खात्री होती. त्या छपरातून दोन-तीन मुली पुढे नर्सिंगला गेल्या, त्यांत मी एक. मला पाठवायला अप्पांनी ‘याक’ किती वेळा विचारलं ते सोडून देऊ. सिस्टरांनी दर वेळी उत्तर दिलं आणि ते थकले.

मी नोकरीला लागल्यावर एकदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला आले होते. नरसय्यामामांना भेटायला गेले. ते तेव्हा दुसऱ्याच एका कारखान्यात होते आणि मंडळ अजून चालवत होते. चहा पिता पिता मी धीर करून विचारलं, की अण्णांचा बेत तुम्हाला आधीपासून माहीत होता का?

“व्हय,” ते म्हणाले. “पैल्या दिसापासनं. त्यांनी दोर-पाट्या उगीच दिल्या व्हत्या व्हय? मी म्हटलं, आदी गाळ तर निगू दे. आपल्याकडं टिकाव नव्हता, रहाट नव्हता. पानी लागू दे, मग बगू.”

“आणि मग?”

“मग मला बोलता येत नव्हतं. हौदावर माज्यासंगं गल्लीतले लई जण होते, मी बोललो असतो तर समद्यांना काडलं असतं. म्हून तुज्या अप्पाकडं गेलो आन् भिंतीचं कौतुक केलं. मी ज्याला चांगलं म्हनीन, त्यात तो खोट काढनार, हे मला ठावं होतं.” ते कप खाली ठेवून मनापासून हसले.

घरी आले तेव्हा अप्पा दारात बाजेवर बसले होते, आत पोरं पाढे म्हणत होती. मी त्यांच्या कानाशी बसून हे सगळं सांगितलं. मला वाटलं, आयुष्यभर कुणाच्या हातचं बाहुलं न झालेला हा माणूस, त्याला हे फार लागेल. अप्पांनी आधी आतल्या एका पोराचा चुकलेला पाढा सुधारला.

“मला तवाच ठाऊक होतं,” ते म्हणाले. “माज्याम्होरं येऊन कुनी येवडं कौतुक करतोय, म्हंजे त्याला ती गोष्ट नको हाय, येवडं कळत न्हाई होय मला? पर भिंत वाईटच होती की.” मग आवाज आणखी बारीक करून म्हणाले, “त्याला सांगू नको. त्याला वाटू दे आपन फसवलं म्हून.”

मी सांगितलं नाही. अप्पा गेले तेव्हा नरसय्यामामा सगळ्यांत आधी आले आणि सगळ्यांत शेवटी उठले, तेव्हाही नाही. त्या दोघांपैकी कोण खरं बोलत होता आणि कोण नंतर जुळवून सांगत होता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण मी त्या घरात वाढलेली मुलगी. मला दोघांचाही संशय येतो.